बापाची पँट, लेकराचे जाकीट

निमोण्यात घोड नदीकडचे वारे सुटले की सकाळच्या शाळेत पोरे काखेत हात घालून बसतात. दरसाल नवा स्वेटर घेणे मजुरीवरच्या घराला जडच जाते!

ट्रंकेत कॉर्डरॉयची जुनी पँट असेल तर काढा. गुडघ्यावर झिजली तरी मागचे कापड शाबूत असते. कापड सुतीच, पण त्यावरच्या उभ्या रेघांच्या लवेत हवा अडते, म्हणून ऊब राहते. कापताना हात फिरवून पाहा. सगळ्या तुकड्यांची लव एकाच दिशेला हवी, नाहीतर एक बाही गडद, दुसरी फिकी दिसते. आमच्याकडे हेच झाले. पोरगे म्हणाले, “जुन्याचे केलेले कळते,” आणि घालेना. त्याला रागावू नका. आपल्या आज्या-पणज्यांना दुसऱ्याचे उतरलेले अंगावर घ्यावे लागले. ही पँट बापाने स्वतःच्या कमाईची घेतलेली आहे, एवढे त्याला सांगा आणि बाही नीट बेता.

आतून जुन्या लुगड्याचे अस्तर लावा. बाही दोन बोटे आत दुमडा, पुढल्या वर्षी उसवता येते. धुणे व इस्त्री उलट्या बाजूनेच. हे कापड लवकर वाळत नाही, म्हणून सुट्टीच्या दिवशी सकाळीच धुवा.