लय हलली म्हणजे चुकली का?

मंडळी, आमच्या भजनी मंडळात सध्या एक वाद रंगला आहे. तरुण मुलांचं म्हणणं असं, की मोबाइलमधला तबला लावावा, त्याची लय तसूभरही हलत नाही. आमचे मृदंगवाले बुवा अभंगाची लय वाढवत नेतात, ते मुलांना चुकीचं वाटतं. माझ्या मते अभंगाचा जीव त्यातच आहे!

मी जन्मभर मराठी शिकवली. पाढे एका ठेक्यात म्हणायचे, कविता नाही. कवितेत अर्थ जिथे रेंगाळतो, तिथे आपणही जरा रेंगाळतो.

कुणी म्हणेल, शास्त्रीय गाण्यात तर ठेका स्थिर असतो. असतो ना! पण गाणारा त्याला जखडलेला नसतो. उस्ताद अमीर खाँ (१९१२–१९७४) १४ मात्रांचा झुमरा इतका संथ ठेवत, की एक आवर्तन मिनिटाच्या आसपास जाई. तबला साधा ठेका धरून चाले, खाँसाहेब मात्रांच्या मागेपुढे फिरत आणि अलगद समेवर येत. बालगंधर्वांच्या साथीला अहमदजान थिरकवाँ होते. अशा साथीत मात्रा मोजण्याइतकंच गाणाऱ्याचं ऐकणंही असतं.

भजनात तर लय स्वतःच चढते. शेगावची गजानन महाराजांची पालखी आपल्या परभणीवरून, जनाबाईंच्या गंगाखेडवरून पंढरपूरला जाते, तेव्हा बघा. अभंग संथ सुरू होतो. टाळ, मृदंग आणि पावलं एकमेकांचा अंदाज घेत चढत जातात आणि गजर टिपेला पोचतो. कुणी हुकूम सोडत नाही. मोबाइलमध्येही लय वाढवायची सोय असते म्हणा, पण कधी वाढवायची हे त्याला कुठून कळणार?

अर्थात, लय वाढवणं वेगळं आणि पळणं वेगळं. एकटाच टाळकरी पुढे धावला आणि बाकीचे मागे राहिले, तर ती चूकच. घरी सरावाला मोबाइल जरूर घ्यावा, लय पक्की होते.

पण एकादशीच्या भजनात बुवांना कोपऱ्यात बसवून यंत्र लावलं, तर त्यांच्या शेजारी बसून हात शिकणारं पोर उद्या कुठून येणार? मला काळजी आहे ती याची.

असो. तुमच्या गावच्या भजनात काय चाललंय? जरूर कळवा.