हावरी कोण?

कोजागरीची रात्र. गंगावेशीच्या दूधकट्ट्यावरून मी म्हशीचं दूध आणलं होतं. सौभाग्यवतींनी ते आटवून दोघी मुलींना एकेक वाटी मोजून दिलं. थोरलीला उंच पेल्यात, धाकटीला पसरट भांड्यात. धाकटी पाच वर्षांची. तिनं भोकाड पसरलं, "ताईला जास्त!"

मी प्राध्यापकी थाटात दोन्ही दुधं सारख्या वाट्यांत ओतून दाखवली. "आता सारखं?" "हो." पुन्हा पेल्यात ओतलं, पुन्हा रड! "हावरी कुठली!" मी ओरडलो. गच्चीवरचे पाहुणे हसले. पोर मुकाट्यानं खाली निघून गेली.

पुढं झां पियाजे (१८९६–१९८०) या स्विस मानसशास्त्रज्ञाविषयी वाचताना मी थबकलो. त्यानं हाच प्रयोग मुलांवर मुद्दाम केला होता! सहा-सात वर्षांखालच्या बहुतेक मुलांना उंच भांड्यातलं जास्तच वाटतं. उंची वाढली तशी रुंदी घटली, हे दोन्ही त्यांच्या मनात एका वेळी मावत नाही. सातव्या वर्षाच्या सुमारास ते जमू लागतं, पण वस्तू समोर हवी. निव्वळ कल्पनेवर तर्क चालवणं अकरा-बारानंतरचं. म्हणजे पोर हावरी नव्हती. बापच उतावळा होता.

आमच्या कोल्हापुरात हे जाणणाऱ्या एक बाई होऊन गेल्या. लीलाताई पाटील, ना. सी. फडक्यांच्या कन्या. १९८५ साली त्यांनी इथं 'सृजन आनंद विद्यालय' सुरू केलं. मुलानं हाताळावं, अनुभवावं, प्रश्न विचारावेत नि मग शिकावं, हा त्यांचा आग्रह. दहा चिंचोक्यांचा गठ्ठा स्वतः बांधलेल्या पोराला 'हातचा' म्हणजे काय हे वेगळं सांगावं लागत नाही.

मात्र वयाचा शिक्काही मारू नये. प्रश्न सोपा नि ओळखीचा असला की लहान मुलं पियाजेच्या अंदाजापुढंही जातात, असं नंतरच्या संशोधकांना आढळलं. 'ढ' ठरवण्याआधी आपला प्रश्न तपासावा, हे बरं. कॉलेजातही मी आता रूपकाची व्याख्या आधी फळ्यावर लिहीत नाही. पाच उदाहरणं देतो, व्याख्या मुलंच करतात.

धाकटी आता आठवीत आहे. यंदाच्या कोजागरीला मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "दूध किती होतं ते आठवत नाही, बाबा. पाहुणे हसले ते आठवतं."