आराखडा कोणी आखला, ते विचारा

‘कॉम्प्युटर गाइडेड इम्प्लांट’ ही पाटी आता दवाखान्यांच्या दारावर दिसू लागली आहे, आणि ती वाचून रुग्ण निर्धास्त होतात. या निर्धास्तपणाचीच मला काळजी वाटते.

इम्प्लांट म्हणजे दाताच्या जागी जबड्याच्या हाडात ड्रिल करून बसवलेला स्क्रू. खालच्या दाढांच्या मुळांखालून एक नस जाते. ड्रिल तिला लागलं तर ओठ आणि हनुवटी बधिर होते, कधी कायमची. साध्या एक्स-रेत हाडाची उंची कळते, जाडी कळत नाही. सीबीसीटी या त्रिमितीय स्कॅनमध्ये ती दिसते. त्यावर तोंडाचा डिजिटल ठसा जुळवला की इम्प्लांट आधी पडद्यावर बसवून पाहता येतो. जाणता दंतवैद्य पहिल्यांदा स्क्रूवर बसणारा दात ठरवतो, तो समोरच्या दाताला कसा भिडेल ते पाहतो आणि मगच खाली स्क्रूची जागा शोधतो. नुसतं हाड आहे तिथे स्क्रू ठोकला, तर पुढे कॅप वाकडी बसते आणि तिच्याखाली ब्रशही पोचत नाही.

या आराखड्यावरून थ्रीडी प्रिंटरवर गाइड तयार होतो. त्याच्या भोकातून ड्रिल ठरलेल्या दिशेने, ठरलेल्या खोलीपर्यंत जातं. तरी थोडी चूक उरतेच. २०१८च्या एका मोठ्या आढाव्यात स्क्रूच्या तोंडाशी सरासरी १.२ मिलिमीटर आणि टोकाशी १.४ मिलिमीटर फरक आढळला. ही सरासरी आहे. एखाद्या रुग्णात फरक याहून जास्त असू शकतो. नसेपासून किमान २ मिलिमीटर अंतर सोडतात ते यासाठीच. दात नसलेल्या तोंडात गाइड मऊ हिरडीवर टेकतो आणि हलू शकतो. शिवाय त्याच्या आडोशाने ड्रिल थंड ठेवणारं पाणी हाडापर्यंत नीट पोचेलच असं नाही, आणि ४७ अंश सेल्सिअसला मिनिटभर तापलेल्या हाडाला इजा होते.

म्हणून आराखडा कोणी आखला, हा प्रश्न महत्त्वाचा. अनेकदा स्कॅन लॅबकडे जातो, तंत्रज्ञ स्क्रू बसवतो आणि डॉक्टर मान्यता कळवतात. तंत्रज्ञाची मदत जरूर घ्यावी, पण ज्याच्या हातात ड्रिल असणार, त्याने त्या पडद्यासमोर स्वतः बसलंच पाहिजे. रुग्णानेही बिनदिक्कत म्हणावं, ‘डॉक्टर, नस कुठे आहे आणि अंतर किती सोडलंय, ते मला दाखवा.’ उपचारानंतर इम्प्लांटची कंपनी, माप आणि बॅच नंबर लेखी मागून घ्यावा. दहा वर्षांनी दुसऱ्या गावात कॅप सैल झाली, तर तिथल्या दंतवैद्याला योग्य सुटा भाग त्या कागदावरूनच मागवता येईल.