दर्याकाठ : माणूस सुटतो, बोट सुटत नाही

डहाणू-तलासरीकडचे खलाशी हंगामाला गुजरातच्या बोटींवर जातात. त्यातली एखादी बोट सर क्रीकच्या बाजूला, जिथे हद्दच ठरलेली नाही तिथे पाकिस्तानच्या हाती लागते. खलाशी कधीतरी वाघा सीमेवरून घरी येतात. बोट सहसा येत नाही. आज त्या बोटीबद्दल लिहायचं आहे.

परक्या पाण्यातल्या बोटीचं काय करायचं, हे जगाला कळत नाही असं नाही. युरोपीय संघाबाहेरचा माणूस बाहेर नोंदलेली आपली सहलीची नौका घेऊन ग्रीसला गेला, तर 18 महिने तिला सीमाशुल्क नाही, व्हॅट नाही. मुदतीच्या आत ती बाहेर न्यायची. म्हणजे ती नौका तिथे आयात केलेला माल ठरत नाही, पाहुणी ठरते.

वसईने याच्या उलटा कारभार पाहिला आहे. 23 डिसेंबर 1534च्या तहात हुमायूनच्या धास्तीने गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली. त्यात कलम होतं: तांबड्या समुद्राकडे जाणारं गुजरातचं गलबत वसईहूनच निघेल आणि परतताना वसईतच येऊन जकात भरेल. सोबत पोर्तुगीजांचा परवाना हवा, कार्ताझ. त्यात गलबताचं नाव, आकार, नाखवा, शस्त्रं, जायचं ठिकाण, सगळं लिहिलेलं. कागद नसला तर गलबत मालासकट जप्त. आपल्याच दर्यात परक्याचा कागद बाळगायला लावणं ही उघड जबरदस्ती होती. पण ज्याच्याकडे कागद असे, त्याला निदान वाट मागता येई.

आज वसईकडच्या पाचूबंदर किंवा अर्णाळ्याच्या बोटीकडे काय कमी आहे? नोंदणी आहे, मासेमारीचा परवाना आहे, नाळेवर आयएनडी-एमएचने सुरू होणारा नंबर रंगवलेला आहे. गुजरातच्या बोटींचीही अशीच नोंद असते. तरी पकडल्यावर हे कागद बोट सोडवू शकत नाहीत.

कायदा आहे. संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायद्याच्या 73व्या कलमाप्रमाणे, अनन्य आर्थिक क्षेत्रात, म्हणजे किनाऱ्यालगतच्या पाण्यापलीकडे जिथे मासेमारीचा हक्क त्या देशाचा असतो तिथे, मासेमारीसाठी पकडलेली बोट आणि खलाशी वाजवी जामिनावर लवकर सोडायचे असतात. दोन देशांत तशी मुभा देणारा करार नसेल तर तुरुंगवासाची शिक्षाही देता येत नाही. भारताने हा कायदा 1995मध्ये मान्य केला, पाकिस्तानने 1997मध्ये. किनाऱ्यालगतच्या 12 सागरी मैलांत हे कलम लागू नाही, हे खरं. तिथल्यासाठी दोन्ही सरकारांनी वेगळा समझोता करावा.

सुरुवात भारताने करावी, असं माझं स्पष्ट मत आहे. आपल्या ताब्यातल्या पाकिस्तानी मच्छीमारांच्या बोटी जामिनावर सोडाव्यात आणि मग तोच हक्क मागावा. आपल्या बोटींचा जामीन सरकारने भरावा. नाखव्याला तो झेपणार नाही. त्याच्या बोटीवर कर्ज असतं आणि ती कराचीत अडकली म्हणून हप्ते थांबत नाहीत.