गल्ला आणि लेखणी

बारावीचा निकाल लागला की व्यापारी घरांत एक जुना प्रश्न नव्याने उभा राहतो. कळंब्यातील असे एखादे कुटुंब डोळ्यांसमोर आणावे. घर तलावाच्या बाजूला, धान्याचे दुकान लक्ष्मीपुरीत. वडील सकाळी शहरात जातात, सूर्यास्तापूर्वीचे जेवण दुकानातच डब्यातून घेतात आणि रोजमेळ जुळवून घरी परततात. कन्येने वाणिज्य शाखेत उत्तम गुण मिळविलेले असतात. पुढे सी.ए. होईल, निदान खतावणी तरी सांभाळील, असे सर्वांनी गृहीत धरलेले असते. आणि ती शांतपणे सांगते, ‘‘मला संज्ञापनाची पदवी घ्यायची आहे.’’

‘‘हे शिकून करणार काय?’’ हा वडिलांचा पहिला प्रश्न. तो रागाचा नसतो. ज्याने प्रत्येक पोत्याचा भाव विचारून माल घेतला, तो तीन-चार वर्षांचा खर्च न विचारता कसा मान्य करील?

या प्रश्नाचे उत्तर त्यांच्याच दुकानाच्या आठवणीत आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेला महापूर आला, पुणे–बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली गेला आणि कोल्हापूर अनेक दिवस तुटून पडले. त्या दिवसांत व्यापाऱ्याला धान्याइतकीच निकड होती ती खऱ्या बातमीची. पाणी किती चढले, माल वरच्या मजल्यावर न्यावा की नाही, ट्रक कोठे अडकला आहे? मोबाइलवर मात्र धरणाविषयीच्या अफवा फिरत होत्या. एका चुकीच्या निरोपाने माणूस भर पावसात माल हलवितो आणि एका खऱ्या निरोपाने त्याचा हंगाम वाचतो. माहिती गोळा करणे, ती पडताळणे आणि वेळेत लोकांपर्यंत पोहोचविणे, हेच या पदवीचे मूळ काम आहे. चित्रवाणीवरील झगमगाट हा त्याचा फार लहान भाग.

कोल्हापूरला तर ही विद्या मुळीच परकी नाही. प्रभात फिल्म कंपनी १ जून १९२९ रोजी याच शहरात उभी राहिली. दामले, फत्तेलाल, शांताराम आणि धायबर हे कलावंत होते. पाचवे भागीदार सीतारामपंत कुलकर्णी हे सराफ. सराफाचे भांडवल आणि चौघांची कला एकत्र आली, आणि १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ हा बोलपट पडद्यावर आला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२० मध्ये ‘मूकनायक’ काढला, त्याला अडीच हजार रुपयांचे साहाय्य राजर्षी शाहू महाराजांनी केले होते.

समाजातील थोरांचे उदाहरण हवे असल्यास कुरुंदवाडचे अण्णासाहेब लठ्ठे आठवावेत. राजाराम महाविद्यालयात इंग्रजीचे अध्यापन, पुढे कोल्हापूरचे दिवाणपद आणि १९३७ च्या मंत्रिमंडळात मुंबई प्रांताचे अर्थखाते. शाहू महाराजांच्या निधनानंतर दोनच वर्षांनी, १९२४ मध्ये, त्यांनी महाराजांचे इंग्रजी चरित्र प्रसिद्ध केले. ज्या हाताने अंदाजपत्रक मांडले त्याच हाताने चरित्र लिहिले. आकडा आणि अक्षर यांचे वैर असते हा समज निराधार आहे. उलट ताळेबंद वाचता येणारा वार्ताहर कोणत्याही कार्यालयात दुर्मीळ असतो. बाजार समितीची आवक, महापालिकेचे अंदाजपत्रक, एखाद्या पतसंस्थेचा अहवाल हे वाणिज्य शाखेतून आलेल्या मुलीला उलगडतात. इतरांना ते शिकून घ्यावे लागतात.

मग वर्ग सुरू होईपर्यंतच्या आठवड्यांत करावे काय? प्रथम, महागडा कॅमेरा घेऊ नये. पुष्कळ घरांत मुलीचा हट्ट आणि वडिलांचे प्रेम मिळून ही खरेदी होते, आणि कॅमेरा कपाटात पडून राहतो. हातातला फोन पहिल्या वर्षाला पुरेसा आहे. एकच बातमी दोन वृत्तपत्रांत रोज वाचावी आणि कोणी काय वगळले ते टिपून ठेवावे. संगणकावर मराठी टंकलेखनाचा हात बसवावा. माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा वाचावा. दहा रुपयांच्या अर्जावर सामान्यतः तीस दिवसांत उत्तर मागता येते, हे अनेक पदवीधरांनाही ठाऊक नसते. शिवाय दुपारी दोन तास गल्ल्यावर बसावे. उधारी मागताना माणसाला न दुखविता नेमके कसे विचारावे, हे तेथल्याइतके कोणी शिकवीत नाही. आणि मुलाखत म्हणजे दुसरे काय?

आईचा प्रश्न मात्र वेगळा असतो, आणि वडिलांच्या प्रश्नाहून तो अधिक खरा आहे. वृत्तपत्राचे पान रात्री उशिरा लागते. सूर्यास्तानंतर न जेवणारी मुलगी तेथे कशी राहील? चातुर्मासात काय करील? यावर ‘होईल सारे’ असे म्हणून चालत नाही. पाच वाजता डबा उघडण्याची मुभा आहे का, हे नोकरीच्या पहिल्या भेटीतच विचारावे. त्यात संकोच नसावा. परगावी शिकायचे असल्यास वसतिगृहातील जेवणाची वेळ शुल्काच्या आधी पाहावी. कोल्हापुरात १९०१ मध्ये दिगंबर जैन बोर्डिंग निघाले, तेव्हा खेड्यांतून शहरात शिकायला येणाऱ्या मुलांच्या राहण्याजेवणाचा विचार वडीलधाऱ्यांनी केलाच होता. मुलींसाठी तो विचार आज घरोघरी करावा लागतो. प्रारंभीचे वेतन बेताचे असते, हेही तिला आधीच सांगितलेले बरे. जनसंपर्क, जाहिरात, रेडिओ, माहितीपट अशा अनेक वाटा या पदवीतून फुटतात. पण पहिली दोन वर्षे कोठेही सोपी नसतात.

अशा घरातील मुलगी पहिला सराव म्हणून दारातल्याच तलावावर दीडशे शब्द लिहिते. कळंब्याचे पाणी कोल्हापूरला संस्थानकाळापासून मिळत आले आहे; यंदा ते किती उरले, गाळ किती साचला, मासेमारी कोण करते, हे ती काठावरच्या माणसांना विचारून येते. रात्री हिशेब मिटल्यावर वडील तो कागद चष्म्याजवळ धरून वाचतात. वाक्यांविषयी ते काही बोलत नाहीत. पाण्याच्या पातळीच्या आकड्यावर बोट ठेवून एवढेच विचारतात, ‘‘हा आकडा कुणी दिला?’’

ती कागद उलटून पाहते. नाव लिहायचे राहिले आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी, वडील दुकानाला निघण्याआधीच, ती वही घेऊन पुन्हा तलावाकडे जाते.