‘जाऊ दे’ म्हणण्याचा अधिकार कोणाचा?

‘मी स्वतःला क्षमा केली आहे, झाले ते मी सोडून दिले आहे’ या धर्तीची वाक्ये आरशासमोर उभे राहून मोठ्याने म्हटली की जुना अपराधभाव गळून पडतो, असा उपदेश मराठी मध्यमवर्गात आता चांगलाच रुजला आहे. मोरा बंदरात भाऊच्या धक्क्याच्या लाँचची वाट पाहतानाही अशी वाक्ये पुटपुटणारी माणसे आढळतात. पुटपुटण्याला आमची हरकत नाही. आमची हरकत वाक्याला आहे.

या उपचाराचा एक पूर्वज फ्रान्समधील औषधविक्रेता एमिल कुए (१८५७-१९२६). वीस गाठींची दोरी हातात धरून, आपण दिवसेंदिवस बरे होत आहोत, असे वाक्य सकाळ-संध्याकाळ वीसदा म्हणायला तो सांगे. पण कुएचा मुख्य विषय प्रकृतीचा होता. १९८४ साली लुईस हे यांचे पुस्तक आले आणि क्षमेचा हिशेबही त्याच दोरीत ओवला जाऊ लागला. दुखणे आणि दुष्कृत्य एकाच रांगेत बसले, ही यातली पहिली गफलत.

दुसरी गफलत भाषेची आहे. मराठीत ‘क्षमा मागणे’ या क्रियेला समोर दुसरा माणूस लागतो. ‘जाऊ दे’ हे तर आपल्या भाषेतले अत्यंत उदार शब्द, पण ते म्हणायचे कोणी? ज्याचे नुकसान झाले त्याने. उधारी बुडवणाऱ्यानेच ‘जाऊ दे’ म्हटले, तर ऐकणारा त्याला निर्लज्ज म्हणेल. स्वयंसूचनेचे वाक्य नेमके हेच करते. ते ऋणकोच्या तोंडी धनकोचे शब्द घालते.

यावर उत्तर ठरलेले असते: आपल्या परंपरेतही जप होताच की! होता, यात वाद नाही. संध्येतल्या अघमर्षणात पाप श्वासाबरोबर बाहेर टाकले जाते. पण धर्मशास्त्र तेवढ्यावर थांबत नाही. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात पापमुक्तीचे मार्ग मोजताना आरंभी येते ते ख्यापन, म्हणजे केलेले कृत्य लोकांसमोर उघड सांगणे, आणि त्यानंतर अनुताप. शिवाय ‘पुन्हा असे करणार नाही’ हा निश्चय. (मनुस्मृतीविषयी आम्हांला माया नाही; १९२७ साली महाडला ती जाळली गेली, ते योग्यच झाले. परंतु प्रतिपक्ष परंपरेची साक्ष काढतो, तेव्हा साक्षीदाराची जबानी पुरी ऐकावी.) तिथे उच्चारायचे वाक्य कबुलीचे आहे, सुटकेचे नव्हे.

प्रायश्चित्तही पोकळ असू शकते, हे पुण्याने पाहिले आहे. १८९० साली पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्याबद्दल ग्रामण्य उभे राहिले आणि १८९२ साली न्यायमूर्ती रानडे यांनी प्रायश्चित्त घेतले. तिथे अपराध नव्हता आणि विधी मात्र होता. आज अपराध आहे आणि विधीच्या जागी आरसा आहे. यांतला अधिक पोकळ प्रकार कोणता, हे वाचकांनीच ठरवावे.

अर्थात सगळा अपराधभाव खरा नसतो. अपघातातून एकटा वाचलेला, मूल पाळणाघरात ठेवून नोकरीला जाणारी आई, यांचा अपराध काय? त्यांना कोणी ‘तुझी चूक नव्हती’ असे सांगितले, तर ते सत्यच आहे. पण इथेही आरसा भरवशाचा नाही. २००९ साली कॅनडातील जोआन वुड आणि सहकाऱ्यांनी केलेल्या प्रयोगांत, स्वतःविषयी मुळात हीन मत असलेल्यांना अशी गौरववाक्ये घोकून अधिकच वाईट वाटले. ज्या वाक्यावर मन विश्वास ठेवत नाही, त्याला ते आतून प्रत्युत्तर देते. हे वाक्य दुसऱ्याच्या तोंडून, ऐकून घेतल्यानंतर, यावे लागते.

आता खऱ्या अपराधाकडे येऊ. तो आमच्या उरण-पनवेलच्या घरोघरी आहे. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि नव्या मुंबईसाठी शेते गेली. १९८४ च्या जानेवारीत शेतकऱ्यांनी गोळ्या झेलल्या. पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडांची योजना आली. भूखंड आले, भाव वाढले आणि बहिणींना सही करायला बोलावणी गेली. त्या कागदाचे नाव हक्कसोडपत्र. महाराष्ट्राने १९९४ साली आणि केंद्राने २००५ साली मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाच्या बरोबरीने वाटा दिला, तरी माहेर तुटू नये म्हणून किती जणींनी निमूट सह्या केल्या असतील! ती माउली साडीचोळी घेऊन परतली. भावाला आता उतारवयात झोप येत नाही, म्हणून तो ‘मी सोडून दिले’ असे रोज म्हणतो. अहो, सोडले ते तिने! तुम्ही काय सोडलेत?

अशा भावाला कोणती वाक्ये म्हणता येतील, तर ती दोन आहेत. पहिले बहिणीच्या दारात जाऊन म्हणायचे, ‘ताई, तुझा वाटा मी घेतला’. ते ऐकून ती काय म्हणेल, ते तिच्यावर सोडावे. दुसरे लेखी असते. आपल्या हिश्शातून तिच्या नावे करायच्या बक्षीसपत्राचा मसुदा वकिलाकडून करून घ्यावा, मुद्रांक शुल्क भरावे आणि दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात जाऊन, साक्षीदारांसमक्ष, त्याची नोंदणी करावी.