पंख्याचं विमान

हिंगोलीकरांचं विमानाशी नातं तसं लांबचंच. 1 मे 1999 ला परभणीतून वेगळं होऊन जिल्हा झाला, पण विमानतळ काही वाट्याला आला नाही. उडायचं तर कळमनुरी, वारंगा फाटा, अर्धापूर करत आधी नांदेड गाठायचं. तरी 27 एप्रिल 2017 ला 'उडान' योजनेतली अगदी पहिली विमानं निघाली, त्यांत नांदेड-हैदराबाद होतं! ट्रूजेटचं एटीआर-72. सत्तरएक सीट्स, दोन्ही बाजूंना एकेक भलामोठा पंखा. तासाभराच्या प्रवासाला ठरावीक सीट्स अडीच हजारांत, म्हणजे वीकेंडला घरी जाणाऱ्या पब्लिकची चैनच.

पण आपलं पब्लिक कसलं खूश होतंय? पुण्यात आयटीत असलेला माझा एक मित्र नाक मुरडून म्हणाला होता, "पंख्याचं विमान आहे रे, जेट असतं तर बात वेगळी होती." जणू काही एशियाडऐवजी लाल डबा मिळाला! 2022 मध्ये ट्रूजेटची उड्डाणं थांबली, पण हा डायलॉग अजून ऐकू येतो. म्हणून आज जरा त्या विमानाचं वकीलपत्र घेतो. आणि माझा मुद्दा पंख्याचा नाहीच, पंखाचा आहे.

आधी शाळेतली एक वावडी खाली उतरवू. पंख वरून फुगीर, त्यामुळे वरच्या हवेला रस्ता लांब. खालच्या हवेला मागच्या टोकाशी एकाच वेळी गाठायचं म्हणून ती जोरात पळते, दाब कमी होतो आणि विमान उचललं जातं. पाठ आहे ना? पण वरच्या आणि खालच्या हवेनं एकाच वेळी पोचायचं असं ठरवलंय कुणी? केंब्रिजच्या होल्गर बाबिन्स्की यांनी धुराच्या रेघा सोडून दाखवून दिलं की वरची हवा चक्क आधी पोचते. शिवाय फुगवट्यावरच सगळं असतं तर हवाई दलाची सूर्यकिरण टीम विमानं उलटी कशी उडवते?

खरी गंमत एसटीत कळते. 'हात बाहेर काढू नये' या पाटीखालीच पोरं हात बाहेर काढतात (तुम्ही काढू नका). तळवा आडवा धरला तर नुसता वारा लागतो. पुढची कड थोडी उचलली की हात वर ढकलला जातो, कारण हवा खाली वळते. हवेला खाली वळवा, ती तुम्हाला वर उचलते. हीच लिफ्ट. हात थोडा मागेही ओढला जातो, तो ड्रॅग. कड आणखी उचलत गेलात की एका मर्यादेपर्यंत दोन्ही वाढतात. मग पंधरा-एक अंशांच्या आसपास हवा पंखाच्या पाठीला धरून राहत नाही, सुटते. लिफ्ट धपकन पडते, ड्रॅग मात्र वाढतच जातो. वैमानिक याला 'स्टॉल' म्हणतात. पंखाचा बाक आणि गोलसर नाक हवेला शक्य तितका वेळ पाठीला चिकटवून ठेवायला असतं. वरून वळत जाणाऱ्या हवेचा वेग वाढतो आणि दाब घटतो हे खरंच आहे, फक्त शर्यतीची गोष्ट खोटी.

दाब घटतो म्हणजे किती? भरलेलं एटीआर साडेबावीस टनांच्या आसपास, पंखाचं क्षेत्रफळ 61 चौरस मीटर. म्हणजे दर चौरस मीटरला पावणेचारशे किलोच्या आसपास. वातावरणाचा दाब त्याच चौरस मीटरवर दहा टनांहून जास्त असतो. वर-खाली चार टक्क्यांचासुद्धा फरक लागत नाही, आणि सत्तर माणसं सामानासकट हवेत!

आता आकार. पंखाखाली दाब जास्त, वर कमी, त्यामुळे खालची हवा टोकावरून वर सटकते आणि मागे भोवरे सोडते. त्या भोवऱ्यांत ताकद वाया जाते, म्हणजे इंधन जातं. पंख लांब आणि अरुंद असेल तर हे नुकसान कमी. शिवारावर घिरट्या घालणारी घार बघा, पंखांच्या टोकांची पिसं बोटांसारखी फाकवलेली असतात. तीही त्याच भोवऱ्यांचा बंदोबस्त करते. एटीआरचे पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत 27 मीटर, आणि रुंदीच्या मानानं लांबी बारा पट. शिडशिडीत, जवळजवळ सरळ.

जेटचे पंख मागे कललेले असतात, एअरबस ए-320 चे सुमारे 25 अंश. दिसायला एकदम स्टायलिश, पण ते ताशी आठशेच्या वरच्या वेगासाठी. तिथे पंखावरची हवा ध्वनीच्या वेगाला भिडते आणि ड्रॅग एकदम उसळतो. कललेला पंख ते लांबवतो. बदल्यात कमी वेगाला लिफ्ट तितकीशी देत नाही. नांदेडहून दिल्लीला जायचं तर जेटच बरं, वादच नाही. पण नांदेड-हैदराबाद म्हणजे चढलो-उतरलो. जेट धड उंची गाठेपर्यंत खाली यायची वेळ. भोवऱ्यांचा ड्रॅग नेमका कमी वेगाला सगळ्यात जास्त, आणि असल्या प्रवासाचा मोठा भाग चढण्या-उतरण्यातच जातो. तिथे सरळ, लांब पंख कमी इंधनात भागवतो. अडीच हजारांच्या तिकिटात कंपनीला जे काही सुटायचं, ते तिथूनच.

त्यात आपला मे महिना. 43 अंशांना हवा 15 अंशांच्या मानानं नऊएक टक्के विरळ होते, तेवढीच लिफ्ट घटते. लिफ्ट वेगाच्या वर्गात वाढते, म्हणून पाचेक टक्के वेग वाढवला की भरपाई होते. मात्र त्यासाठी धावपट्टी जास्त लागते, नाहीतर वजन कमी करावं लागतं.

आणखी एक. एटीआरचा पंख खिडक्यांच्या वर असतो. त्यामुळे खालचं दृश्य अडत नाही, आणि उतरताना पंखाच्या मागच्या फळ्या खाली वाकताना दिसतात. बाक वाढवून कमी वेगातही लिफ्ट टिकवायची, हे त्यांचं काम. ड्रॅगही वाढतो, पण उतरताना तो हवाच असतो. सीट मागताना पंखाच्या थोडी मागची मागा.